टर्म्स पाठ आहेत, निबंधात उतरत नाहीत

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, इंग्रजी साहित्य घेतलं आहे. बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यमातून झालं. आमच्या सरांनी चाळीस लिटररी टर्म्सची झेरॉक्स दिली आणि सांगितलं की अर्धे गुण टर्म्सवर, अर्धे निबंधावर. मी सगळ्या व्याख्या पाठ केल्या, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. पण सराव चाचणीत कवितेच्या ओळी देऊन टर्म ओळखायला सांगितली तेव्हा हातच चालेना. निबंध 'द इंचकेप रॉक'वर होता, बारावीलाच शिकलेली कविता. दोन पानं लिहिली. सरांनी खाली लाल पेनानं 'ओन्ली समरी' लिहिलं आणि सोळापैकी पाच दिले. माझं चुकलं काय? परीक्षेला बारा दिवस आहेत. घरी धान चुरायचं आहे, मोबाईल भावाजवळ असतो. ब्रह्मपुरीत शिकवणी लावू का? मैत्रीण म्हणते, निबंध मोबाईलवर तयार मिळतो, तो पाठ करून टाक. त्यात सध्या रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटक. बाबा म्हणतात चल, मी म्हणते अभ्यास आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर:

नाटकाला जा. रोज नको, पण एका रात्री बाबांसोबत नक्की जा, आणि जाताना ती चाळीस टर्म्सची झेरॉक्स घडी करून सोबत घे. कशासाठी, ते पुढे सांगते. आधी लाल पेनाचं बघू.

'ओन्ली समरी' वाचून तुला वाटलं असेल की इंग्रजी कच्चं म्हणून गुण गेले. मला तसं वाटत नाही. दोन पानं इंग्रजीत भरणारी मुलगी भाषेमुळे अडलेली नसते. तू बहुतेक असं लिहिलंस: ॲबरब्रॉथॉकच्या ॲबटनं, म्हणजे मठाधिपतीनं, खडकाजवळ तरंगत्या बोयावर घंटा बांधली, सर राल्फ नावाच्या समुद्री लुटारूनं द्वेषानं ती कापून टाकली, मग तो लूट घेऊन परत आला, धुकं दाटलेलं होतं, घंटा नव्हती, आणि जहाज त्याच खडकावर आदळलं. यात चुकीचं काही नाही. पण हे सगळं सरांना आधीच माहीत आहे. त्यांना माहीत असलेलीच गोष्ट तू त्यांना परत सांगितलीस, आणि वर त्यांनी गुण द्यावेत अशी अपेक्षा ठेवलीस.

निबंधात एक असं वाक्य लागतं जे वाचून सर क्षणभर थांबतील आणि मनात म्हणतील, 'असं? कशावरून?' पुढची दोन पानं म्हणजे त्या 'कशावरून'चं उत्तर. या वाक्याला इंग्रजीत थिसिस म्हणतात. तुझ्या यादीत कदाचित तो शब्द नसेलही, पण चाळीस टर्म्सपेक्षा तो जास्त गुण मिळवून देतो.

'या कवितेत आयरनी आहे', म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट घडतं, हे असं वाक्य होऊ शकत नाही. त्याला 'नाही' म्हणणारा माणूस सापडायचा नाही. 'वाईट काम करणाऱ्याचं वाईट होतं' हेही चालणार नाही, ते कीर्तनात शोभतं. मग वाक्य सापडतं कुठे? कवितेतच. बारावीचं पुस्तक कुणाला देऊन टाकलं असशील तर आठवडाभरासाठी मागून आण, आणि एक गोष्ट शोध: या कवितेत आवाज कुठे आहे आणि कुठे नाही.

सुरुवातीला समुद्र इतका निवांत की जहाज जागचं हलत नाही. लाटा इतक्या हलक्या की घंटा वाजतसुद्धा नाही. म्हणजे पहिल्याच कडव्यांत घंटा गप्प आहे, आणि ती गप्प आहे कारण धोका नाही. पुढे कवी सांगतो की लाटा उसळून खडक झाकला गेला की ती वाजायची आणि खलाशी ॲबटला दुवा द्यायचे. राल्फ घंटा कापतो तो दिवसही लख्ख उन्हाचा. आता शेवटाकडे ये. धुकं आहे, दिवसभर वारा सुटलेला होता, पण संध्याकाळी तो पडलेला आहे. हे नीट वाच, कारण बहुतेक मुलं इथं वादळ आणतात. जहाज आपटतं तेव्हा वादळ नाहीच. लाटांच्या जोरानं ते नुसतं वाहत जातं. एक खलाशी म्हणतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही, इंचकेपची घंटा ऐकू आली असती तर बरं झालं असतं. आणि सगळं शांत असतं.

म्हणजे एकाच कवितेत दोन शांतता आहेत. पहिलीचा अर्थ सगळं ठीक आहे, दुसरीचा अर्थ मरण. मधे फक्त राल्फचा हात आला. हे झालं तुझं वाक्य: 'या कवितेत शांततेचा अर्थ उलटा होतो, आणि तो दैवानं उलटा केलेला नाही, राल्फनं केलेला आहे.' यावर कुणी वाद घालू शकतो. म्हणू शकतो की धुकं तर निसर्गाचं होतं ना, मग दैव कसं नाही? घालू दे वाद. निबंधाला तोच हवा.

आता बघ टर्म कुठे येते. मी एक परिच्छेद मराठीत लिहून दाखवते, इंग्रजीत तू कर.

'राल्फच्या जहाजाला वादळ बुडवत नाही. दिवसभराचा वारा संध्याकाळी पडलेला आहे आणि जहाज नुसतं वाहतं आहे. खलाशाला त्या घटकेला एकच गोष्ट हवी आहे, घंटेचा आवाज, आणि तोच आवाज त्याच्या कप्तानानं पाण्यात घातला आहे. घंटा बुडताना कवी साउदीनं तिला "गर्गलिंग" असा नादानुकारी शब्द दिला होता. माणसाच्या जगातला तो तिचा शेवटचा आवाज. म्हणून इथली आयरनी फक्त "ज्यानं खड्डा खणला तोच पडला" एवढी नाही. ज्या आवाजाची राल्फला चीड होती, त्याच आवाजासाठी त्याच्या जहाजावरचे कान ताणलेले आहेत.'

या परिच्छेदात दोन टर्म्स आल्या, ऑनोमॅटोपिया आणि आयरनी. दोन्हींची व्याख्या दिलेली नाही. 'कवीनं ऑनोमॅटोपिया वापरून कविता सुंदर केली' असंही म्हटलेलं नाही. 'सुंदर केली', 'प्रभावी केली', 'वाचकाच्या मनाला भिडते' ही तीन वाक्यं तू बारा दिवस विसरून जा. ती कोणत्याही कवितेबद्दल लिहिता येतात, म्हणून ती कोणत्याच कवितेबद्दल काही सांगत नाहीत. टर्म आली की तिच्या पाठोपाठ सांगायचं की ती इथं, या ओळीत, काय काम करते.

तुझ्या दोन्ही अडचणींचं मूळ इथंच आहे. तू टर्म्स एका वहीत ठेवल्यास, निबंध दुसऱ्या वहीत. सरांनी गुण अर्धे-अर्धे वाटले म्हणून अभ्यासही अर्धा-अर्धा वाटला गेला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कितीही दाट उगवले तरी रोवणीशिवाय धान होत नाही, हे तुला मी सांगायला नको. व्याख्या पाठ आहेत ना? झालं, पऱ्हे तयार आहेत. आता त्यांना ओळीत लावायचं आहे.

कवितेला शेवटही आहे, तो विसरू नको. बुडताना राल्फला घंटेसारखा आवाज ऐकू येतो, जणू खाली सैतान त्याच्या मरणाची घंटा वाजवतोय. हा शेवट तुझ्या 'शांतते'च्या मुद्द्याला आडवा जातो असं वाटेल. मुलं अशी जागा गुपचूप वगळतात. तू उलट तिथंच शेवटचा परिच्छेद लिही: घंटा परत येते, पण वाचवायला येत नाही. सरांना असा परिच्छेद दिसला की लाल पेन जरा थांबतो.

आता त्या चाळीस टर्म्सचं. यादी एबीसीडीच्या क्रमानं आहे ना? तो क्रम शोधायला सोयीचा, शिकायला नाही. एम. एच. एब्रम्स यांचा टर्म्सचा कोश १९५७ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि अजूनही इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी तो वापरतात. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर बघ, पण अडलं की उघडायला, पाठ करायला मुळीच नको. तुझ्या यादीचे तुकडे कर. कोण बोलतंय, या प्रश्नाखाली स्पीकर, नॅरेटर, पॉइंट ऑफ व्ह्यू, सोलिलोकी, ड्रमॅटिक मोनोलॉग येतील. रचना कोणत्या जातीची, याखाली बॅलड, सॉनेट, ओड, एलेजी, एपिक. कानाला काय लागतं, याखाली राइम, मीटर (ओळीचा ठरलेला ठेका), ॲलिटरेशन, ऑनोमॅटोपिया. आणि बोललं एक, रोख दुसरीकडे, असं जिथं असेल तिथं सिमिली, मेटाफर, सिम्बॉल, मेटोनिमी, आयरनी आणि त्यांचं सगळं गणगोत. परीक्षेत ओळी समोर आल्या की चाळीस नावांतून एक शोधायचं नसतं. आधी विचारायचं, इथं गंमत कानाची आहे की अर्थाची? बरीच यादी तिथंच गळून पडते.

सिमिली आणि मेटाफरवर मी वेळ घालवत नाही, दहावीला उपमा आणि रूपक केलंस तेच ते. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पन म्हणजे श्लेष. उत्प्रेक्षा मात्र शोधत बसू नको, इंग्रजीच्या यादीत तिला वेगळं घर नाही. खरी फजिती होते ती सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या टर्म्समध्ये.

मेटोनिमी आणि सिनेकडकी घे. 'मंत्रालयानं परिपत्रक काढलं' यात इमारत परिपत्रक काढत नाही, तिथली माणसं काढतात. जवळच्या, जोडलेल्या गोष्टीचं नाव घेतलं, ही मेटोनिमी. 'खुर्ची सुटत नाही' म्हणतो तेव्हा खुर्ची म्हणजे सत्ता, तीही मेटोनिमी. 'घरात खाणारी सात तोंडं आहेत' यात तोंड हा माणसाचाच भाग. भागावरून पूर्ण माणूस, ही सिनेकडकी. रोवणीला 'हात कमी पडले' म्हणतो, तीही तीच. अशी उदाहरणं तुझ्या आजीच्या तोंडी दिवसाला दहा असतात, फक्त तिनं यादी वाचलेली नाही.

सिम्बॉल आणि मेटाफरचं असंच. मेटाफरमध्ये वस्तू खरी तिथं नसते. 'माझा भाऊ वाघ आहे' म्हटल्यानं ताडोबाला फोन करावा लागत नाही. सिम्बॉल खराखुरा तिथं असतो. इंचकेपची घंटा कवितेत खरी घंटा आहे, पितळेची म्हण की लोखंडाची, ती वाजते, बुडते; आणि तरी ती ॲबटनं अनोळखी लोकांसाठी केलेल्या चांगुलपणाचीही खूण आहे.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स यांत चुका ठरलेल्या. ब्लँक व्हर्सला यमक नसतं पण मीटर पक्कं असतं, सहसा आयॅम्बिक पेंटामीटर, म्हणजे ओळीत साधारण दहा सिलेबल्स, कमी-जास्त जोराच्या पाच जोड्या. शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा भाग त्यात आहे. फ्री व्हर्सला ठरलेलं मीटरच नसतं. टोन आणि मूडमध्येही असाच गोंधळ होतो: बोलणाऱ्याचा सूर म्हणजे टोन, वाचणाऱ्याच्या मनावर पसरतो तो मूड. टोन चेष्टेचा असून मूड भीतीचा असू शकतो. सॉनेट म्हणजे चौदा ओळी हे तुला येतंच. त्याच्या जोडीला एवढं ठेव की पेट्रार्कन सॉनेट आठ आणि सहा ओळींत वळण घेतं, शेक्सपिअरचं चार-चारच्या तीन तुकड्यांनंतर शेवटच्या दोन ओळींत. वळण कुठे आहे ते सांगितलंस तर चौदा मोजल्यापेक्षा जास्त काहीतरी सांगितलंस.

आणि पोएटिक जस्टिस. ही टर्म थॉमस रायमरनं १६७८ मध्ये रूढ केली. चांगल्याला बक्षीस, वाइटाला शिक्षा असं साहित्यातलं न्यायदान. राल्फचं मरण पोएटिक जस्टिस आहे का? आहे. आयरनी आहे का? तीही आहे. मग दोन्ही एकच का? नाही. राल्फ एखाद्या लढाईत मारला गेला असता तरी न्याय झालाच असता, पण आयरनी झाली नसती. आयरनीला तोच खडक लागतो आणि तीच घंटा. पेपरात दोन टर्म्समधला फरक विचारला तर अशी एक कसोटी शोध: ही गोष्ट काढून टाकली तर कोणती टर्म टिकते आणि कोणती पडते?

आता नाटक. तुम्ही झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली, पोरं इंग्रजीच्या वर्गात उगाच खाली मान घालून बसता. दिवाळीनंतर वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव फिरतात, मंडई असो की शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री उशिरा पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत माणसं थंडीत बसून असतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नाटकाच्या टर्म्स पुण्या-मुंबईच्या मुलांना पुस्तकात वाचून कळून घ्याव्या लागतात. तुझ्यासमोर त्या रात्रभर रंगमंचावर येऊन जातात.

ड्रमॅटिक आयरनी म्हणजे प्रेक्षकाला माहीत आहे पण पात्राला माहीत नाही. पुस्तकात इडिपसचं उदाहरण असेल: राजा खुन्याला शोधतोय आणि खुनी तोच आहे. तुमच्या नाटकात धाकटा भाऊ खोट्या कागदावर सही घेतो, थोरला विश्वासानं सही करतो, आणि पुढच्या रांगेतली एखादी बाई ओरडते, 'करू नको रे बाप्पा!' ती बाई ओरडली ती जागा म्हणजे ड्रमॅटिक आयरनी. व्याख्या विसरलीस तरी ती बाई आठव. पात्र रंगमंचावर एकटं उरतं आणि मनातलं मोठ्यानं बोलतं, ती सोलिलोकी. ड्रमॅटिक मोनोलॉगपासून ती वेगळी कशी, तर तिथं ऐकणारा कुणीतरी असतो पण तो बोलत नाही. रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२ च्या 'माय लास्ट डचेस'मध्ये सरदार बोलत राहतो आणि समोरचा दूत ऐकत राहतो. रडारडीच्या प्रवेशानंतर विनोदी नट येतो आणि सगळा मंडप हसतो, ते कॉमिक रिलीफ. 'मॅकबेथ'मध्ये राजाच्या खुनानंतर लगेच दारूच्या नशेतला दरवान येतो, तो याच कामाला. एवढं मात्र तपास: तुमचा विनोदी नट फक्त हसवून जातो की हसवता हसवता गोष्टीला काही जोडतो? तो दरवान स्वतःला नरकाच्या दाराचा राखणदार म्हणवतो, आणि ज्या घरात नुकताच खून झाला त्या घराला ते बोलणं बरोबर लागू पडतं.

नाटक सुरू असताना लिहीत बसू नको, बाबा चिडतील आणि शेजारचेही. घरी आल्यावर झोप काढ, दुपारी यादीसमोर प्रसंग लिही. चाळीसपैकी दहा-बारा टर्म्स त्या एका रात्रीत कायमच्या पक्क्या होतील. एवढ्या टर्म्सना आठवडाभराची घोकंपट्टी लागली असती.

इंग्रजीबद्दल थोडं. आधी मराठीत विचार कर, यात काही कमीपणा नाही. मुद्द्याचं एक वाक्य मराठीत समासात लिही. पण त्यापुढे मराठी वाक्याचं इंग्रजी करत बसू नको. मराठी वाक्य लांब वळणं घेऊन शेवटी क्रियापदावर येतं, ते तसंच इंग्रजीत ओढलं की तुटतं. छोटी वाक्यं लिही, कर्ता आणि क्रियापद जवळ ठेव. साहित्यावर लिहिताना इंग्रजीत वर्तमानकाळ चालतो: राल्फ परत येतो, जहाज आदळतं. अर्ध्या परिच्छेदात भूतकाळ आणि अर्ध्यात वर्तमान, ही मराठी माध्यमाच्या मुलांची हटकून दिसणारी चूक. 'द पोएट सेज दॅट' प्रत्येक ओळीला नको. आणि कवितेतला बोलणारा नेहमी कवीच असतो असं धरून चालू नको, म्हणून 'स्पीकर' हा शब्द आहे. कवितेचं नाव अवतरणचिन्हात, नाटकाचं किंवा पुस्तकाचं नाव हातानं लिहिताना अधोरेखित. चार ओळींचा उतारा जागा भरायला घालू नको, दोन-तीन शब्द उचल आणि आपल्या वाक्यात बसव, वर 'गर्गलिंग' बसवला तसा.

सुरुवात कवीच्या जन्मानं करायची सवय सोड. रॉबर्ट साउदी १८१३ पासून १८४३ पर्यंत इंग्लंडचा राजकवी होता, खरं आहे. इंचकेप हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचा खरा खडक आहे, त्याला आज बेल रॉक म्हणतात, आणि तिथलं दीपगृह १८१० मध्ये बांधून झालं, हेही खरं आहे. मला ही माहिती फार आवडते. पण तुझ्या मुद्द्याला ती लागत नसेल तर निबंधात तिला जागा नाही. पहिल्या परिच्छेदात तुझं ते एक वाक्य आलं पाहिजे, बास. किती परिच्छेद, याचा कायदा नाही. पाचच हवेत असं कुणी म्हणालं तर ती सवय आहे, नियम नाही.

मोबाईलवरचा तयार निबंध पाठ करू नको. नीतीची गोष्ट बाजूला ठेव, मी व्यवहाराचं बोलते. प्रश्न जरा फिरवून आला, 'आयरनी'ऐवजी 'सेटिंग' विचारलं, की पाठ केलेला निबंध जागचा हलत नाही. शिवाय तो निबंध कविता न वाचताही लिहिलेला असू शकतो. त्यात राल्फचं जहाज वादळात बुडालं असं आढळलं तर तो तिथंच बंद कर. मोबाईल हातात आलाच तर कविता मोठ्यानं वाचलेली ऐक, कानाच्या टर्म्स त्यानं कळतात.

शिकवणी बारा दिवसांसाठी लावू नको. फी जाईल, येण्या-जाण्यात दिवस जाईल आणि तिथं बहुतेक आणखी एक झेरॉक्स मिळेल. दिवसा तुला कामच आहे तर टर्म्स कामातच कर. तनस (धानाचा पेंढा) रचताना हात चालतात, डोकं मोकळं असतं. एक टर्म घे आणि समोर दिसणाऱ्यातून तिचं उदाहरण काढ. बांधीत उरलेल्या पाण्यावर बगळे उतरले, थ्रेशर खोकला, वारा रुसला. थ्रेशर खोकला हे पर्सनिफिकेशन, कारण आजारपण माणसाचं आहे. खोकण्याचा आवाज तुला शब्दातच ऐकू आला तर ऑनोमॅटोपियाही. दिवसाला पाच-सहा टर्म्स झाल्या तरी आठवड्यात यादी संपते, आणि रात्री कंदील असो की बल्ब, एक परिच्छेद लिहायचा, पूर्ण निबंध लिहायचाच नाही. पूर्ण निबंध शेवटच्या चार दिवसांत दोनदा लिही, घड्याळ लावून.

पेपरात टर्म्सच्या प्रश्नाला लांब उत्तरं देऊ नको. व्याख्या एका वाक्यात, उदाहरण एका ओळीत, आणि ती टर्म त्या ओळीत काय करते ते तिसऱ्या वाक्यात. चौथं वाक्य सुचलं तर ते निबंधासाठी राखून ठेव. निबंधाला हात घालायच्या आधी दहा मिनिटं कागदाच्या मागच्या बाजूला मुद्दे मांड. शेजारची पोरगी दुसऱ्या पानावर पोचली असेल, तिला पोचू दे.

आणि सरांकडे जा. लाल पेनानं का होईना, त्यांनी तुझी दोन पानं वाचली आहेत, नाहीतर शेरा आला नसता. पण जाताना नवा निबंध नेऊ नको. पूर्ण निबंध दिला तर ते म्हणतील 'ठेवून जा, बघतो', आणि परीक्षा होऊन जाईल. एकच परिच्छेद ने, तो दोन शांततांचा. तो ते स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचून देतील.